वॉटचे माप आणि तराजूचा काटा

खोटे माप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातला तराजू येतो, दुधाचे लिटर येते, नाहीतर कापड ताणून धरून मोजलेला मीटर येतो. पण आजच्या बाजारात एक माप असे आहे की जे गिऱ्हाईक तोलून पाहत नाही, मोजून पाहत नाही, आणि तरीही त्याच्या भरवशावर रोज सौदे होतात. ते माप म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर आणि स्पीकरवर लिहिलेला वॉट. डब्यावर कोणी शंभर लिहितो, कोणी हजार लिहितो, कोणी तीन हजार लिहितो. लिहिणाऱ्याला विचारणारा नाही आणि विचारणाऱ्याला उत्तर देणारा नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. वाचकांना प्रश्न पडेल की कापडवाल्याचे अ‍ॅम्प्लिफायरशी काय देणेघेणे? देणेघेणे इतकेच की माप हा सगळ्या धंद्यांचा सामाईक विषय आहे. कापडात सुताचा काउंट, रीड-पीक, पन्हा आणि मिश्रणाचे टक्के सांगितल्याशिवाय जाणता गिऱ्हाईक ताग्याला हात लावत नाही. साठ-साठ सुताचे, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशीचे कॅम्ब्रिक म्हटले की मालेगावच्या मागवाल्यापासून भिवंडीच्या दलालापर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते. भावावरून घासाघीस होईल, उधारीवरून तंटा होईल, पण वस्तू कोणती यावर भांडण होत नाही. ऑडिओच्या बाजारात नेमकी हीच गोष्ट नाही. तिथे भावावर एकमत होते आणि वस्तू काय आहे हेच ठरत नाही.

या धंद्यात आपली पुष्कळ मुले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, बोर्ड जोडायचे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, लाकडी पेटी बनवायची, जळालेल्या स्पीकरला नवी कॉइल आणि नवा कोन बसवायचा, अशी कामे करून घर चालवणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेत आहेत, तालुक्याच्या गावात एसटी स्टँडमागच्या गाळ्यातही आहेत. त्यांच्या हाताला हुनर आहे. मात्र त्यांच्या मालावर जो आकडा चिकटवला जातो तो त्यांच्या हुनराला काळिमा लावतो. म्हणून हा विषय आम्हाला या पानावर मांडावासा वाटला.

एकाच डब्यावर तीन वॉट

वॉट हे शक्तीचे माप आहे. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला किती वीज सतत पुरवू शकतो, हे त्यावरून कळते. यातला खरा वॉट तो, जो अ‍ॅम्प्लिफायर आवाज न फाटता, न थांबता देत राहतो. बाजारात त्याला आरएमएस वॉट म्हणतात. दुसरा वॉट शिखराचा, म्हणजे लाट सर्वांत उंच असते त्या क्षणाचा. साध्या सुरासाठी तो खऱ्या वॉटच्या बरोबर दुप्पट येतो. पन्नास वॉटच्या मालाला शंभर म्हणायचे असेल तर एवढे एक शिखर पुरते. यात लबाडी आहे, पण निदान हिशेब तरी आहे.

तिसरा वॉट मात्र बेहिशेबी. त्याचे नाव पीएमपीओ. १९९० च्या दशकात टू-इन-वन आणि डेकवर चमकत्या अक्षरांत हेच छापलेले असायचे. हा आकडा कोणत्या ओहमवर, किती वेळासाठी, आवाज किती फाटू देऊन काढायचा, याचा सर्वमान्य नियमच नाही. म्हणून दहा वॉटच्या सेटवर कोणी दोनशे लिहिले काय किंवा दोन हजार लिहिले काय, लिहिणारा म्हणतो, आमचे माप वेगळे. कापडाच्या भाषेत सांगायचे तर हे म्हणजे ताग्यातला प्रत्येक धागा सोडवून टोकाला टोक जोडायचे आणि मग सांगायचे की घ्या, इतके हजार मीटर कापड. धागा खोटा नाही, मीटरही खोटा नाही, पण त्यातून कुर्ता शिवता येत नाही.

पाठीमागची पट्टी वाचा

गिऱ्हाईकाला इंजिनियर होण्याची गरज नाही. सेटच्या पाठीमागे एक छोटी पट्टी असते. तिच्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि सेट किती वॉट वीज खातो हे लिहिलेले असते. जो सेट भिंतीतून ६० वॉट घेतो तो स्पीकरला सतत ६०० वॉट कोठून देणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात येत नाही. उलट काही वाटेत उष्णता होऊन जाते. जुन्या धर्तीचा, म्हणजे एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरावर असताना घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मी किंवा थोडी जास्त स्पीकरला देतो. नव्या डी वर्गाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास देतो. म्हणजे ६० वॉट खाणारा सेट दोन्ही बाजू मिळून ३० ते ५० वॉटचा. समोरच्या कागदावर काहीही छापलेले असो.

कारागीर ट्रान्सफॉर्मरवरूनही हिशेब करू शकतो. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर डायोड आणि कंडेन्सरनंतर दोन्ही बाजूंना सोळा-सतरा व्होल्ट मिळतात. बोर्डातच दोन-तीन व्होल्ट खर्ची पडतात. उरले साडेतेरा. साडेतेराचा वर्ग करा, त्याला ओहमच्या दुपटीने भागा. ८ ओहमच्या स्पीकरवर उत्तर येते अकरा-साडेअकरा वॉट, ४ ओहमवर बावीस-तेवीस, आणि तेही ट्रान्सफॉर्मरचा अँपिअर पुरेसा असेल तर. यापुढे जाण्याची वाट नाही. आयसी बदलला, पेटी बदलली, निळे दिवे लावले, तरी व्होल्टच नसतील तर वॉट येणार नाहीत. आपल्याकडे फार खपलेला एलए ४४४० हा आयसी घ्या. बनवणाऱ्या कंपनीने स्वतः त्याचे माप दोन चॅनेलला प्रत्येकी ६ वॉट आणि दोन्ही जोडून एकच चॅनेल केला तर १९ वॉट असे दिले आहे. त्याच आयसीचा बोर्ड शंभर-दोनशे वॉटचा म्हणून विकणारे बाजारात भेटतात. कंपनी १९ म्हणते आणि आम्ही २०० म्हणतो, तर वाढलेले १८१ वॉट कोठून आले?

हल्लीच्या ब्लूटूथ डब्यांना हीच कसोटी लावता येते. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, १२०० मिलीअँपिअर-तासांची असेल तर तिच्यात साडेचार वॉट-तासांहून कमी शक्ती भरते. डब्यावर २० वॉट लिहिलेले असेल तर त्या जोरावर ती पाव तासही टिकणार नाही. पण त्याच डब्यावर सहा तास चालेल असेही लिहिलेले असते. दोन्हींचा मेळ घाला. सहा तास चालायचे तर सरासरी पाऊण वॉटच खर्च करता येतो. गिऱ्हाईकाला हे सांगितले तर तो चकित होतो, कारण त्या पाऊण वॉटवर त्याची खोली भरून आवाज येत असतो.

कानाला किती वॉट लागतात

खरी मेख इथेच आहे. घराला फार वॉट लागतच नाहीत. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, त्याला संवेदनक्षमता म्हणतात. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते त्यावरून कळते. समजा हा आकडा ८७ आहे. दहा बाय बाराच्या खोलीत दोन मीटरवर बसलो आणि दोन्ही स्पीकरना एकेक वॉट दिला, तर कानापर्यंत ८४ डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. घरातल्या गप्पांपेक्षा हा कितीतरी मोठा आहे. ऐकताना मधूनच उसळी येते, ढोलाचा ठोका येतो, वक्त्याचा आवाज चढतो. त्या क्षणाला दहा ते वीस पट शक्ती लागते. म्हणजे प्रत्येक बाजूला खरे वीस ते तीस वॉट असले की मध्यम घराची गरज भागली.

वॉट वाढवल्याने आवाज त्याच प्रमाणात वाढत नाही, हेही गिऱ्हाईकाला सांगितले पाहिजे. वॉट दुप्पट केला तर ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटावा म्हणून वॉट दहा पट लागतो. म्हणून ५० ऐवजी १०० वॉटचा सेट घेणाऱ्याला पैसे दुप्पट मोजल्यासारखे वाटतात आणि आवाज तितकाच वाटतो. तेच पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च केले तर फरक पडतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९१ चा घेतला तर तितक्याच आवाजाला चौथा हिस्सा शक्ती पुरते. २५ वॉटमध्ये १०० वॉटचे काम होते. जो दुकानदार हे समजावून सांगतो त्याचा माल एकदा कमी किमतीत जाईल, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाला घेऊन येईल.

घरात कोणी तिलावत ऐकतो, कोणी बयान, कोणी नात, कोणी बातम्या, कोणी गझल आणि कव्वाली. काय ऐकावे हा या पानाचा विषय नाही. पण शेजाऱ्याचा हक्क हा विषय आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. एका वॉटमध्ये खोलीत ८४ डेसिबल होत असतील तर तीन हजार वॉट कोणासाठी? भिंतीपलीकडे तान्हे मूल असते, परीक्षेचा विद्यार्थी असतो, आजारी माणूस असतो.

जोडी कशी जमवावी

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ही जोडी आहे. जोडीत पहिली गोष्ट ओहम. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेले असते की कमीत कमी ४ ओहम किंवा ८ ओहम. त्याच्या खाली कधी जाऊ नये. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले तर ४ होतात, ४ चे दोन जोडले तर २ होतात. आवाज वाढावा म्हणून चार पेट्या एका चॅनेलला लावणारे हौशी लोक आयसी जाळतात आणि दोष कारागिराला देतात. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो आणि ४ ओहमचा तीन-साडेतीन. तो खराब नसतो. मीटर तारेचा नुसता विरोध मोजतो, म्हणून आकडा थोडा कमीच येतो.

दुसरी गोष्ट वॉट. स्पीकरवर सतत ५० वॉट लिहिले असतील आणि ते खरे असतील, तर त्याच ओहमवर खरे ५० ते ७५ वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर घरासाठी योग्य जोडी आहे. जाणकार आणि हात आवरणारा माणूस दुपटीपर्यंत जातो, कारण उसळीच्या क्षणाला शक्ती हाताशी राहते. लहान अ‍ॅम्प्लिफायरही चालतो, फक्त त्याला त्याच्या ताकदीबाहेर पळवू नये.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे आणि तिच्यामुळेच दुकानात सगळ्यांत जास्त तंटे होतात. लोकांना वाटते की मोठा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो आणि लहान कधी जाळणार नाही. प्रत्यक्षात दुरुस्तीला येणारा जळका ट्वीटर पुष्कळदा लहान अ‍ॅम्प्लिफायरवरचा असतो. कारण असे. अ‍ॅम्प्लिफायरकडे पंधरा व्होल्ट आहेत आणि गिऱ्हाईक बटण पिळून त्याच्याकडे तीस मागतो. तो देऊ शकत नाही, म्हणून लाटेचे डोके सपाट कापले जाते. लाट गोल न राहता चौकोनी होऊ लागते. तितक्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट गोल लाटेच्या दुप्पट शक्ती नेते. म्हणजे खरे ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पार फाटल्यावर शंभराच्या जवळ जाऊ शकतो. शिवाय कापलेल्या लाटेत बारीक, उंच स्वरांचा कचरा भरतो आणि तो थेट ट्वीटरकडे जातो. पेटीवर ५० वॉट लिहिले असले तरी आतला ट्वीटर एकटा पाच-दहा वॉटच सोसणारा असतो. त्याची केसासारखी तार तापते आणि तुटते.

आता खोटा आकडा इथे काय करतो ते पाहा. गिऱ्हाईकाने ५०० वॉटचा म्हणून सेट नेला. आत आहेत १५. त्याला वाटते, आपण अजून निम्मीही ताकद वापरलेली नाही. तो बटण शेवटपर्यंत नेतो, बेसचे बटणही शेवटपर्यंत फिरवतो. बेस ६ डेसिबलने वाढवला तर त्या स्वरांना चौपट शक्ती लागते, १० डेसिबलने वाढवला तर दसपट. सेट फाटतो, ट्वीटर जातो. तिसऱ्या दिवशी तो दुकानात उभा. दुकानदार म्हणतो तुम्ही जास्त वाजवलात, तो म्हणतो ५०० चा आहे म्हणून तुम्हीच सांगितलेत. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. खोटे बोलला तो डब्यावरचा आकडा.

तिसरी गोष्ट तार. घरात दहा-वीस रुपये वाचवायला लोक केसासारखी बारीक तार लावतात. ०.२ चौरस मिलिमीटरची तार पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन दहा मीटर होते, आणि ४ ओहमच्या स्पीकरला मिळायच्या शक्तीतले सुमारे १८ टक्के तारेतच जातात. एक चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हे नुकसान चार टक्क्यांच्या आसपास येते. वॉट विकत घेऊन तारेत वाया घालवणे ही इसराफच आहे.

समोरचा तीन हजार लिहितो, आम्ही काय करावे?

आमच्या ओळखीच्या दुकानदारांशी हा विषय काढला की एकच उत्तर येते. ते म्हणतात, शेटजी, आम्ही ३० लिहिले आणि समोरच्याने ३००० लिहिले तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. आम्ही पोरांना काय खायला घालायचे? हा प्रश्न खोटा नाही. भाडे दर महिन्याला येते आणि बंद डब्यातला तयार माल इतका स्वस्त झाला आहे की हाताने जोडणाऱ्याच्या पदरी थोडेच उरते.

तरीही आमचे म्हणणे असे की या स्पर्धेत खोट्या आकड्याने छोटा कारागीर कधीच जिंकणार नाही. आकडा फुगवायला काही लागत नाही. जो ३००० छापतो त्याच्यासमोर दुसरा ५००० छापेल. डबा बनवणारा मोठा कारखाना आपल्या गाळ्यापेक्षा जास्त शून्ये छापू शकतो. छोट्या कारागिराकडे अशी एकच गोष्ट आहे जी कारखान्याकडे नाही, ती म्हणजे तो समोर बसलेला असतो. गिऱ्हाईक त्याला ओळखते, त्याच्या अब्बांना ओळखते, जुम्याला त्याच्या शेजारी उभे राहते. ही ओळख त्याची पुंजी आहे. खोटा आकडा लिहून तो हीच पुंजी खर्चून बसतो. मग उरतो फक्त भाव, आणि भावात तो हरणार हे ठरलेले आहे.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. अमेरिकेतही हाच गोंधळ होता. तिथले बनवणारेही शिखराचे आणि क्षणाचे वॉट छापत असत. शेवटी १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत सतत मिळणारी शक्ती सांगा आणि ती किती ओहमवर, कोणत्या स्वरमर्यादेत, आवाज किती फाटून, हेही सांगा. मोजण्यापूर्वी सेट एक तृतीयांश जोरावर तासभर चालवून तापवण्याची अटही होती. २००० साली ती सैल करून एक अष्टमांशावर आणली, आणि २०२४ साली नियम पुन्हा दुरुस्त करून चाचणीच्या अटी सगळ्यांसाठी एकसारख्या केल्या. म्हणजे पन्नास वर्षे झाली तरी त्या देशाला या मापावर नजर ठेवावी लागते. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि गिऱ्हाईक जिल्हा आयोगापुढे दाद मागू शकतो. पण वीस-तीस वॉटच्या सेटसाठी कोण आयोगापर्यंत जातो? तो फक्त पुन्हा त्या दुकानात जात नाही.

मुसलमान व्यापाऱ्याला तर कायद्याच्या आधी दुसरे एक दफ्तर आहे. दिव्य कुरआनातली त्र्याऐंशीवी सूरह मापात मारणाऱ्यांच्याच नावाने आहे. हजरत शुऐब (अ.) यांच्या मदयनवासी कौमला ज्या गोष्टींबद्दल इशारा दिला गेला त्यात माप-तोल प्रमुख होते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधतात, हा प्रसंग आपण सर्वांनी मदरशात ऐकला आहे. वर कोरडे, आत ओले. पीएमपीओचा कागद म्हणजे वरचे कोरडे धान्य, आणि आतला बोर्ड म्हणजे ओले. फिकहमध्ये गिऱ्हाईकाला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क आहे. १५ वॉटला ५०० म्हणणे हा ऐब नाही तर दुसरे काय?

आपल्या तारखेतही माप ही थट्टेची गोष्ट नव्हती. बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब वजने-मापे तपासत फिरत असे. मर्व शहरातल्या अल-खाझिनी या विद्वानाने बाराव्या शतकात, सुमारे ११२१ साली, तराजूवरच एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला हिकमतीचा तराजू असे नाव दिले. सोन्यात किती भेसळ आहे हे पाण्यात तोलून ओळखण्याची रीत त्यात आहे. मापाला इतका मान देणाऱ्यांचे वारस आपण आहोत आणि आपल्याच गाळ्यात वॉटला माप नाही, ही गोष्ट शोभणारी नाही.

एक चिठ्ठी, पाच ओळी

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कारागिराने आणि दुकानदाराने सेटबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात पाच ओळी असाव्यात. एक, एका चॅनेलला सतत किती वॉट. दोन, ते किती ओहमवर, आणि कमीत कमी किती ओहम चालतील. तीन, ट्रान्सफॉर्मर किंवा अ‍ॅडॅप्टर किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा. चार, कोणत्या वॉटचा आणि किती डेसिबलचा स्पीकर लावावा. पाच, दुरुस्तीची हमी किती दिवसांची आणि काय केल्यास ती जाईल. खाली दुकानाचा शिक्का आणि सही.

हे माप काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्पीकरऐवजी ८ ओहमचा, भरपूर वॉट सोसणारा जाड रेझिस्टर लावावा. मोबाइलवरून १०० हर्ट्झचा एकच सूर सोडावा. बटण हळूहळू वाढवत ऑसिलोस्कोपवर लाटेचे डोके कापले जाऊ लागते तिथे थांबावे आणि मल्टिमीटरवर व्होल्ट वाचावे. व्होल्टचा वर्ग करून ८ ने भागला की खरा वॉट. १२.६ व्होल्ट आले तर वीस वॉट. ऑसिलोस्कोप प्रत्येकाला परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दहा दुकानांनी वर्गणी काढून एक जुना घेतला आणि एखाद्या उस्तादाच्या गाळ्यात ठेवला तर पुऱ्या बाजाराचे काम होईल. यंत्रमागवाल्यांनी सूत तपासायला जे केले तेच ऑडिओवाल्यांना करता येईल.

दुकानात दोन सेट शेजारी ठेवावेत. एक खरा वीस वॉटचा, चांगल्या स्पीकरवर. दुसरा बाहेरून आणलेला, तीन हजारांच्या कागदाचा. गिऱ्हाईकाला आपल्या पसंतीची गोष्ट दोन्हींवर ऐकू द्यावी आणि दोन्हींच्या मागची पट्टी वाचू द्यावी. यासाठी भाषण लागत नाही. कापड दुकानात आम्ही गिऱ्हाईकाच्या हातात दोन तुकडे देतो आणि गप्प बसतो. बोटे स्वतः निवड करतात. कानही करतील.

शागिर्दांनाही हे शिकवावे. आज पोरगा डाग द्यायला शिकतो, तार कोठे जोडायची ते शिकतो, पण व्होल्ट, ओहम आणि वॉट यांचे नाते त्याला कोणी सांगत नाही. हे नाते आठवीच्या गणिताइतके सोपे आहे. जो पोरगा ते शिकेल तो बोर्ड जोडणारा मजूर राहणार नाही. गिऱ्हाईकाची खोली पाहून, स्पीकरचा कागद वाचून तो जोडी जमवून देईल आणि त्या सल्ल्याचे पैसे हक्काने घेईल. डबा विकणारा कारखाना हे काम करू शकत नाही.

गिऱ्हाईकांनाही आमची विनंती आहे. सेट घेताना किती हजार वॉट असे विचारू नका. एका चॅनेलला सतत किती, किती ओहमवर, आणि हे बिलावर लिहून देणार का, असे विचारा. जो लिहून देईल त्याच्याकडून दोनशे रुपये जास्त देऊनही घ्या. जो फक्त हसून डब्यावरच्या कागदाकडे बोट दाखवील त्याला सलाम करून पुढच्या दुकानात जा.

बाजारात खोटे माप रुळायला वेळ लागत नाही, खरे माप रुळवायला वर्षे लागतात. कापडावर मिश्रणाचे टक्के छापण्याची शिस्तही एका दिवसात आली नव्हती. सुरुवातीला व्यापारी कुरकुरले, आणि आज टक्के नसलेला तागा कोणी उचलत नाही. वॉटच्या बाबतीतही असे होऊ शकते, पण कोणीतरी आधी खरा आकडा लिहिला पाहिजे. तो आपल्या गाळ्यांतून लिहिला गेला, तर या रोजीत बरकतही येईल, इन्शाअल्लाह.